भिंतीपलीकडचा प्राणायाम

पहाटे पहाटे कुणी मला ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पन्नाशी उलटली, दोन लेकरं वाढवली, वावरात निंदण केलं, कापूस वेचला, डोक्यावर ओझी आणली. हे सगळं मी काय श्वास कोंडून केलं? योगदिनाला आमच्या शाळेच्या मैदानावर पांढरे कपडे घालून माणसं येतात, हात वर करून फोटो काढतात आणि केळ्यांच्या साली तिथंच टाकून जातात. मोबाइलवर रोज सकाळी कुणीतरी मला कमळात बसलेल्या माणसाचं चित्र पाठवतं. मी ते न उघडता पुसते.

आणि तरीही मी रोज सकाळी ओट्यावर चटई टाकून बसते. आधी डावी नाकपुडी, मग उजवी. मग कान बंद करून भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा. खोटं बोलण्यात अर्थ नाही, गुण आला आहे. छातीतली शिट्टी कमी झाली. पूर्वी पाठीमागे उशा रचून बसल्या बसल्या झोपायची, आता आडवी होऊन झोपते. पोटात गुबारा धरायचा तो धरत नाही. बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून पाहिलं आणि औषधाची मात्रा थोडी उतरवली, औषध मात्र बंद केलं नाही. हे सगळं ठीक. पण माझा राग कमी झाला, त्याचं काय करायचं? पूर्वी तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायचा. आता तो येतो, पण त्याच्या आधी एक लांब श्वास येतो, आणि तेवढ्यात जे बोलायचं ते राहून जातं. रागाच्या जोरावर मी हे घर चालवलं आहे. तो असा अर्धा झालेला मला मुळीच आवडलेला नाही.

बरं, गुण आला म्हणून आभार मानावेत तर तीही सोय नाही. कारण हे सगळं मला शिकवलं माझ्या मोठ्या जावेने, आणि आमची बोलचाल बंद होती.

आमचं गाव देऊळघाटाहून थोडं आत आहे. घर दोन भावांचं, वाटणीत मधोमध कापलेलं. अंगणात डोक्याच्याही वर जाईल अशी विटांची भिंत. जावेच्या बाजूने भिंतीला गिलावा झाला, आमच्या बाजूने विटा अजून उघड्या आहेत. भावाभावांचं बरं आहे. ते संध्याकाळी पानठेल्यावर एका बाकड्यावर बसतात, एकाच पुडीतला खर्रा खातात आणि घरी येऊन आपापल्या बायकोला सांगतात की भाऊ भेटला नाही. वाटणीवरून आमचं भांडण नव्हतंच. भांडण सासूबाईंवरून झालं, तेही त्या गेल्यावर.

सासूबाई आमच्या वाट्याच्या घरात राहायच्या. त्यांना दमा होता. आम्ही मिरची लावतो. लाल झाली की तोडून अंगणात वाळवतो, मग पोत्यांत भरतो. सासूबाई त्याच अंगणात म्हाताऱ्या झाल्या, त्याच मिरच्यांवर त्यांनी दोन्ही पोरं वाढवली. एका हिवाळ्यात सकाळी त्या उठून बसल्या त्या बसल्याच. तोंड उघडं, खांदे वर, गळ्याशी खळगा पडलेला. आमचे हे गाडी बघायला धावले. मी पाठ चोळत होते. मोठी जाऊ दारात कपाळाला हात लावून उभी होती, ना आत येत होती ना बाहेर जात होती. गाडी येईपर्यंत सासूबाई राहिल्या नाहीत.

गल्लीतल्या बाया जमल्या. आणि सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, “इच्या मिरच्यायनं घेतला म्हातारीचा जीव.”

घरात प्रेत निजवलेलं असताना भांडायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले. आणि मग गप्पच बसले.

आमच्याकडे बोलचाल बंद म्हणजे नुसतं तोंड फिरवणं नव्हे. त्याचे कायदे आहेत. लग्नाची पत्रिका तिसऱ्याच्या हातून जाते. हळदीकुंकवाला कुंकू लावायचं ते कपाळाकडे बघून, डोळ्यांकडे बघायचं नाही. आणि काही सांगणं अगदीच भाग पडलं तर जनावराला सांगायचं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. तिच्याकडे म्हैस होती, एका शिंगाची, मारकुट्या डोळ्यांची. ती म्हशीला सांगायची, “काय व बाई, लोकायच्या नहानीचं पानी आपल्या दारात येऊन राह्यलं. पाहते का कोनी?” माझ्याकडे म्हैस नाही. मी कोंबड्यांना सांगायची, “खा व मायहो, आपल्याच दारात खा. तिकडं नका जाऊ, तथी मानसाची किंमत नाई.” जनावर मात्र समोर हवं. जनावर नसताना बोललं तर ते सरळ बोलणं धरतात, आणि जी आधी सरळ बोलली तिची हार. गावात असे अबोले लोकांना पाठ असतात. कोण हरलं हे पिठाच्या गिरणीवर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं.

मी हरणार नव्हते. चूक तिची होती.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध व्हायच्या आतच ती बुलडाण्याला कुठल्याशा योग शिबिराला जाऊ लागली. सकाळची पहिली गाडी, हातात गुंडाळलेली चटई. मला हसू यायचं. शिबिर संपलं तर हिने स्वतःच्याच अंगणात वर्ग उघडला. गल्लीतल्या बाया उजाडताना पोती आणि तरटं घेऊन जमायच्या, भिंतीच्या बरोब्बर पलीकडे. आणि मग सुरू व्हायचा तो आवाज. आधी सूं, मग फुस्. सूं, फुस्. मग सगळ्या मिळून भाता हाणल्यासारखं फस् फस् फस्, त्याला कपालभाती म्हणतात असं नंतर कळलं. शेवटी सगळ्या एकदम गुणगुणायच्या, तेव्हा माझ्या मांडणीवरचे पेले वाजायचे. मी भाकरी थापता थापता मुद्दाम जोरात थापायची.

गल्लीतल्या बाया यायच्या आणि मलाच सांगायच्या. एकीचा मुलगा पुण्याला गेल्यापासून तिची झोप उडाली होती, ती आता पडल्या पडल्या झोपते. किराणावाल्याच्या बायकोचं ब्लडप्रेशर जागेवर आलं. एकीची मान दुखायची थांबली. एक तर म्हणाली की नवऱ्याशी भांडताना ती आधी श्वास सोडते आणि मग भांडणच आठवत नाही. मी विचारलं, “मंग भांडन करते कोन? तुह्या घरात भांडन नाई त मले कसं करमन?” ती हसली. मी हसले नाही.

एकदा आमचे हे जेवता जेवता म्हणाले, “वैनी शिबिरात काऊन गेली, मालूम हाय का तुले?”

“मिरवाले,” मी म्हटलं.

“मायच्या पायी. दादा सांगत होता. मायचा दम कोंडला तवा आपुन नुसते पाहत राह्यलो, हे तिच्या मनातून जात नाई म्हने.”

“मंग मिरच्यायचं नाव काऊन घेतलं?” मी विचारलं. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि वरण मागितलं. मी वरण वाढलं, आणि त्यांनी सांगितलेलं बाहेरच ठेवलं. मला ते घरात नको होतं.

त्यानंतरच्या हंगामात मला खोकला लागला. आधी मिरची उलथताना, मग पहाटे, मग जिना चढताना. छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज. मी ओळखला. सासूबाईंच्या छातीतून तोच आवाज कितीतरी वर्षं ऐकला होता. बुलडाण्याला डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दमा म्हणून सांगितलं. तोंडात फवारायचा पंप दिला. रोज घ्यायचा, त्रास असो नसो, असं दोनदा बजावलं. आणि म्हणाल्या, “श्वासाचे व्यायाम कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. कपालभाती मात्र तुम्ही करू नका. सावकाश श्वास सोडायला शिका.” मी मान हलवली. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या गावात ते शिकवणारी एकच बाई आहे.

आता माझी अडचण समजून घ्या. मला दमा होणं म्हणजे तिचं वाक्य खरं होणं. ‘इच्या मिरच्यायनं’ असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. आता माझ्या मिरच्यांनी मलाच धरलं हे गल्लीत कळलं असतं तर मी कुठल्या तोंडाने गिरणीवर उभी राहणार? म्हणून मी खोकला पदरात खोकायची. पंप स्वयंपाकघरात पिठाच्या मोठ्या डब्यामागे लपवला. रोज घ्यायचा तर घेतलाच नाही, फार झालं तरच घ्यायची. पंपाची सवय लागते असं बाया म्हणतात, तेही मी मनाशी धरून ठेवलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

आणि श्वासाचा व्यायाम मी चोरून शिकायचं ठरवलं. भिंतीला कान लावून.

तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण? कठीण हे की मोठी जाऊ भांडताना गावाला ऐकू जाते आणि शिकवताना पुटपुटते. तिचे शब्द विटांतून यायचे नाहीत. यायचे ते फक्त आवाज. सूं आणि फुस्. मी न्हाणीत पाणी तापत ठेवून, दार लावून, उकिडवी बसून त्या आवाजाबरोबर करायची. फुस् जोरात आहे, तेव्हा तेच महत्त्वाचं असणार, असं मी समजले. आणि जोर म्हणजे ओढणं, हे माझं दुसरं समजणं. त्यामुळे पलीकडे बाया फुस् करून श्वास सोडायच्या तेव्हा मी अलीकडे फुस् करून हवा आत खेचायची आणि दाबून धरायची. सुटायचा तो जरासा, आपोआप. महिनाभर मी उलटा प्राणायाम केला. छाती मडक्यासारखी फुगायची, डोकं गरगरायचं, खोकला वाढला. मी मनात म्हटलं, बघा, सगळं थोतांड. आणि मला आनंदही झाला.

एके दिवशी वर्ग संपून बाया गेल्यावर पलीकडून तिचा आवाज आला, दूध काढता काढता. “काय व बाई, आयकून नाई होत ते. पाहून कराव लागते. आन् ज्याच्या छातीत आवाज हाय त्यानं जोरानं त बिलकुल नाई.”

म्हैस रवंथ करत असणार. मी न्हाणीत तोंडावर हात दाबून बसले. हिला कळलं होतं. माझा खोकला, पंपाचा फवारा, माझी फुस्, न्हाणीचं लावलेलं दार, सगळं हिला विटांतून ऐकू येत होतं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी कोंबड्यांना सुद्धा नीट दाणे टाकले नाहीत. व्यायाम तर सोडूनच दिला.

मग फाल्गुन आला. मिरच्या वाळून कडकडीत झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पोती भरायची होती. आमचे हे बारदान आणायला बुलडाण्याला गेले होते. दुपारची वेळ, गल्ली सामसूम, सगळे हरभऱ्याच्या सोंगणीला. मी ताडपत्रीवर मिरच्या पायाने उलथत होते, तोंडाला पदर बांधून. आमच्या अंगणात वावटळ कधी येत नाही. त्या दिवशी आली. कोपऱ्यातून फिरत आली आणि ताडपत्रीचा एक कोपरा उचलून तिने मिरचीचा सगळा भुगा, बिया, धूळ माझ्या तोंडावर मारली. पदर कुठल्या कुठे गेला.

लोकांना वाटतं की दमेकऱ्याला हवा मिळत नाही. मिळते. ती आत जाते आणि तिथंच अडून बसते, बाहेर निघत नाही. भरलेल्या पोत्यात आणखी कोंबावं तशी मी ओढत होते, ओढत होते, आणि जागाच नव्हती. गुडघे टेकले. पंप पिठाच्या डब्यामागे होता. स्वयंपाकघर समोर दिसत होतं, दाराचा उंबरा दिसत होता. मला उठता येत नव्हतं. हाक मारायला आवाज नव्हता. माझे खांदे वर गेलेले मला दिसले आणि मला सासूबाई दिसल्या. आता मी मरणार, आणि हिचं वाक्य खरं ठरवून मरणार, एवढंच माझ्या मनात आलं. देवाचं नावसुद्धा आलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. पुटपुटणारा नव्हे, भांडणारा.

“काय व बाई! ओढू नको! आधी सोड!”

म्हशीशी बोलत होती. मी इथे मरते आहे आणि ही म्हशीशी बोलते आहे.

“आयकून राह्यली का? सोडल्याबिगर घ्याचं नाई. ओठ चिमट. बशीतल्या चहावर फुंकर मारतो, तशी मार. हळू. एक. दोन. तीन. चार.”

म्हशीला चहा फुंकायला सांगत होती. मला रागाने रडू येत होतं. पण माझे ओठ चिमटले गेले, माझ्या मनाविरुद्ध, आणि मी फुंकले. जरासं निघालं. एवढंसं.

“हाव. अजून. घेऊ नको, घेतल्या जाते आपोआप. तू फक्त सोड. एक. दोन. तीन. चार. खांदे खाली टाक. हात मांडीवर ठेव.”

मी हात मांडीवर ठेवले. फुंकले. तिने मोजलं. मी पुन्हा फुंकले. मध्येच मला खोकला आला, सगळं विस्कटलं, मी पुन्हा हवा खेचायला लागले आणि ती ओरडली, “नाई! आधी सोड म्हटलं ना!” सासूबाईसुद्धा माझ्यावर कधी अशा ओरडल्या नव्हत्या. मग ती गुणगुणायला लागली. तोच भुंग्याचा आवाज, रोज सकाळी माझे पेले वाजवणारा. तो लांब जात होता आणि मला कळलं की तो जितका लांब जातो तितकं सोडायचं आहे. महिनाभर मी न्हाणीत जे ओढत होते ते सगळं सोडायचं होतं. मला गुणगुणता येत नव्हतं, तिच्या गुणगुणण्यावर मी नुसती फुंकत होते. छातीतून थोडं थोडं निघायला लागलं. निघालं तसं नवीन आत यायला जागा झाली.

तिचं गुणगुणणं थांबलं. पावलं वाजली, लांब गेली, गल्लीला वळसा घालून आमच्या दारातून आली. सासूबाई गेल्या त्या दिवसानंतर ती आमच्या घरात आली नव्हती. माझ्याकडे न बघता ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या डब्यामागून पंप काढून घेऊन आली. तिला कसं कळलं म्हणून मी चकित झाले नाही. त्याच डब्यामागे सासूबाई तपकीर लपवायच्या, आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने पंप हलवला, माझ्या हातात ठेवला, आणि मी तो घेईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी घेतला. दुसऱ्यांदा घेतला. तोवर तिने नाकाला पदर लावून ताडपत्रीचा कोपरा मिरच्यांवर ओढला, त्यावर दगड ठेवले. मग आली तशी निघून गेली. समोर असताना एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही.

मी ओट्यावर भिंतीला टेकून बसले. कितीतरी वेळ फुंकत बसले. आमचे हे बारदान घेऊन आले, माझ्याकडे बघून काय झालं म्हणाले. मी म्हटलं, वावटळ आली होती. ते चहा करायला आत गेले, आणि त्यांनी चहा केला यावरूनच मी कशी दिसत असेन ते समजा.

ऊन उतरलं. गल्लीत धूळ उडाली, घंटा वाजल्या. गुराखी गावची गुरं चारून परत आणत होता. एकेक जनावर आपापल्या दाराशी वळत होतं. ती एका शिंगाची म्हैस आमच्या दारावरून गेली, मला मारकुट्या डोळ्यांनी बघून गेली, आणि पलीकडचं फाटक तिने नेहमीप्रमाणे डोक्याने ढकललं. फाटक करकरलं.

मी चहाची बशी खाली ठेवली.

म्हैस आत्ता घरी येत होती. सकाळी धार काढल्यावर ती चरायला जाते आणि दिवस मावळताना येते, गेली कितीतरी वर्षं. मग दुपारी ही कुणाशी बोलत होती? दुपारी तिचा खुंटा रिकामा होता. अंगणात शेळी नाही, कोंबडी नाही, तिच्याकडे दुसरं जनावरच नाही. ‘ओढू नको, आधी सोड’ हे तिने कुठल्याही म्हशीला सांगितलं नव्हतं. ती मला बोलली होती. सरळ.

माझ्या पोटात आनंद मावेना, हे मी सांगून टाकते. हरली! आधी ती बोलली! इतकी वर्षं धरून ठेवलेला अबोला तिने मोडला, मी नाही. उद्या गिरणीवर मी हे कसं सांगेन, कोणत्या बाईला आधी सांगेन, ती तोंडावर हात कसा ठेवेल, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि त्या आनंदात मला खोकला आला. मी ओठ चिमटले, चारपर्यंत फुंकलं. मनात मोजत होते तो आवाज माझा नव्हता, तिचा होता.

मग गिरणीवरचं ते सगळं मला दिसेनासं झालं. मला सासूबाई गेल्या ती सकाळ दिसली. दारात उभी असलेली ही, कपाळाला हात लावून. मी तेव्हा समजले होते की ही तमाशा बघते आहे. आज दुपारी मीच तमाशा झाले होते, आणि ही बघत उभी राहिली नव्हती. शिबिराला जाणारी पहिली गाडी, गुंडाळलेली चटई, आमच्या ह्यांचं ते जेवतानाचं बोलणं, जे मी घराबाहेर ठेवलं होतं, ते सगळं एकदम उंबरा ओलांडून आत आलं. तिचं ते वाक्य मी माफ केलेलं नाही. आजही केलेलं नाही. मिरच्यांनी म्हातारी गेली हे मला मान्य नाही, आणि असं प्रेताशेजारी बोलायचं नसतं. पण जी बाई ते वाक्य बोलली त्याच बाईने मोजलं होतं, आणि आता मला दोघींवर वेगवेगळं रागावता येईना.

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज झाला. धार सुरू झाली, आधी रिकाम्या बादलीत कडक, मग दुधात मऊ. ती म्हशीला नेहमीसारखं म्हणत होती, “उभी राय व माय, शेपटी नको मारू.”

मी उठले. भिंतीशी गेले. कोंबड्या पायात आल्या, त्यांना मी हाकलून दिलं, पार कोपऱ्यात, माझ्याजवळ एकही राहू दिली नाही. घसा अजून खरवडलेला होता. जेवढा आवाज निघाला तेवढ्यानेच म्हटलं,

“दुपारी म्हैस घरी नव्हती.”

पलीकडची धार थांबली. म्हशीने पाय आपटला. मी श्वास धरून उभी होते.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “सोड तो श्वास.”

मी सोडला. पलीकडे धार पुन्हा सुरू झाली.